आधी घोडा, मग राजा

माझी नाणी कुणी बघायला मागितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे कुठल्या राजाचं? आणि मी लगेच सांगत नाही, कारण माझ्या ट्रेमध्ये बहुतेक नाणी पालथी घातलेली असतात, राजा खाली आणि घोडा वर. म्हणते, आधी घोडा बघ, पाय कसे टाकलेत बघ, मान बघ, मग सांगते नाव. सात-आठ वर्षं झाली मला प्राचीन नाणी जमवायला लागून आणि अट एकच आहे, नाण्यावर घोडा पाहिजे. देश कुठलाही चालेल, धातू कुठलाही चालेल, झिजलेलं असलं तरी चालेल.

सुरुवात झाली ती एका रोमन ब्राँझ नाण्यापासून. कॉन्स्टंटियस दुसरा नावाच्या सम्राटाचं, जेमतेम १८ मिलिमीटरचं, अंगठ्याच्या नखाएवढं. इ.स. ३४८ च्या सुमाराला हा प्रकार सुरू झाला आणि रोमन साम्राज्याच्या जवळजवळ सगळ्या टाकसाळींनी तो इतका पाडला की आजही नवशिक्याच्या हातात पहिलं नाणं बऱ्याचदा हेच येतं. त्यावर एक सैनिक भाला खुपसतोय आणि एक घोडेस्वार घोड्यासकट कोसळतोय, आणि कडेने अक्षरं आहेत, फेल टेंप रेपाराशियो, म्हणजे साधारण सुखाचे दिवस परत आले. मला आधी तो घोडा दिसलाच नव्हता. नुसता गोळा वाटत होता. मग एका संध्याकाळी टेबललॅम्प तिरका करून, दहापट भिंगाखाली धरलं आणि एकदम ते गुडघे दिसले, पुढचे दोन्ही गुडघे मोडलेले, मान पुढे ताणलेली, आणि डोळा म्हणजे फक्त एक टिंब. इतकं लहान टिंब, पण त्या टिंबामुळे तो घोडा घाबरलेला कळतो. ज्याने हा साचा कोरला त्याने घोडा पडताना कधीतरी नक्की पाहिला असणार असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. नाण्यावर घोषणा सुखाची, पण कोरणाऱ्याचं सगळं लक्ष त्या पडणाऱ्या जनावराकडे. त्या दिवसापासून मी राजांची यादी करणं सोडून दिलं.

आता या एकाच प्रकारची माझ्याकडे अकरा नाणी आहेत आणि अकराही घोडे वेगळे आहेत. स्वार कधी मागे वळून हात वर करतो, कधी घोड्याच्या मानेला मिठी मारतो, कधी खाली पडून बसलेला असतो. खालच्या पट्टीत टाकसाळीची अक्षरं असतात, अँटिऑक, अलेक्झांड्रिया, सिसिया, थेस्सलोनिकी वगैरे, ती वाचता यायला लागली की मग कळतं की हुकूम एकच आला होता पण घोडा प्रत्येक गावच्या कारागिराने आपल्या डोळ्यांनी काढला. काही नाण्यांवर तो घोडा घोडा राहातच नाही, कुत्र्याएवढा होतो. पुढेपुढे नाणंच लहान होत गेलं त्यामुळे जागाच उरली नाही.

एक गोष्ट कुठल्याही घोडेस्वाराच्या नाण्यावर बघायची, ती म्हणजे पाय. स्वाराचा पाय मोकळा लोंबत असतो, चवडा खाली झुकलेला. कारण रिकीब नव्हतीच. ग्रीक स्वार, रोमन स्वार, कुणालाच रिकिबीत पाय टाकायची सोय नव्हती, युरोपात ती साधारण सहाव्या-सातव्या शतकात आली. भारताच्या वायव्येला शक राजा अझेसच्या चांदीच्या नाण्यांवर राजा घोड्यावर बसलाय, तिथेही पाय असाच खाली सोडलेला. म्हणजे नुसत्या मांड्यांच्या पकडीवर हे लोक भाला घेऊन लढत होते. आणि पाय घोड्याच्या पोटाच्या बऱ्याच खाली येतात ते काही कोरणाऱ्याचं चुकलं म्हणून नाही, तेव्हाचे घोडे खरंच आजच्या शर्यतीच्या घोड्यांपेक्षा बुटके होते. हे सगळं पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि दीड-दोन सेंटिमीटरच्या चांदीत स्वतःच्या डोळ्यांनी बघणं वेगळं.

पण माझा खरा जीव आहे तो थेसलीच्या नाण्यांत. थेसली म्हणजे उत्तर ग्रीसमधला सपाट, गवताळ भाग, ग्रीसमधले सगळ्यात नावाजलेले घोडे तिथले. सिकंदराचा ब्युसेफॅलस तिथल्याच एका घोडेव्यापाऱ्याने आणला होता, प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराने किंमतसुद्धा दिलीय, १३ टॅलेंट. तर तिथल्या लारिसा शहराचं एक चांदीचं द्राख्म आहे, सहा ग्रॅमच्या आसपास, इ.स.पू. पाचव्या शतकातलं. एका बाजूला एक तरुण धावत्या बैलाची शिंगं धरून त्याला आवळतोय, टोपी उडून पाठीवर गेलीय. दुसऱ्या बाजूला चौकोनी खळग्यात एक घोडा दौडतोय, अंगावर कुणी नाही. मी खूप दिवस ही दोन वेगळी चित्रं समजत होते. मग कधीतरी लगामाकडे लक्ष गेलं. लगाम घोड्याच्या तोंडातून सुटा लोंबतोय, हवेत मागे गेलेला. म्हणजे हा त्याच तरुणाचा घोडा! तो घोड्यावरून बैलाच्या अंगावर उडी मारून गेलाय आणि घोडा तसाच पुढे धावत सुटलाय. थेसलीतला हा खेळच होता, घोड्यावरून बैल गाठायचा आणि उडी मारून त्याला पाडायचा. एकच क्षण नाण्याच्या दोन्ही बाजूंना वाटून दिलाय आणि दोन्ही बाजू एका वेळी कधीच दिसत नाहीत, नाणं उलटवावं लागतं. मला ही कल्पना इतकी आवडते की मी ते नाणं हातात घेतलं की दहा वेळा तरी उलटसुलट करते.

नंतरच्या काळात लारिसाने समोरून बघणारा अप्सरेचा चेहरा आणला, सिसिलीतल्या सिराक्यूस या ग्रीक शहरात साचे कोरणाऱ्या किमोनने काढलेल्या चेहऱ्यावरून घेतलेला, आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला चरणारा घोडा येतो. लोक त्या चेहऱ्यासाठी घेतात. मी घोड्यासाठी. तो एक पाय उचलून, मान खाली घालून उभा आहे, काही कॅटलॉगवाले लिहितात चरतोय, काही लिहितात लोळायच्या तयारीत आहे. मला लोळायचंच वाटतं, कारण पुढचा पाय ज्या पद्धतीने दुमडलाय तो चरताना तसा दुमडत नाही. घोडा लोळायच्या आधी जमीन हुंगतो, गुडघे सैल सोडतो, मग अंग टाकतो. घोडीबरोबर शिंगरू असलेलीही नाणी लारिसाने काढली. एखाद्या शहराने आपल्या पैशावर शिंगरू छापावं, यावरून तिथल्या लोकांच्या मनात काय होतं ते कळतं.

दक्षिण इटलीतलं तारास म्हणजे रोमन लोकांचं टॅरेंटम, हे दुसरं घोडेवेडं शहर. तिथल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला डॉल्फिनवर बसलेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, आणि हा घोडेस्वार दरवेळी काहीतरी वेगळं करत असतो. कधी घोड्याला माळ घालतोय, कधी ढाल घेऊन चालत्या घोड्यावरून उतरतोय. त्यातला एक प्रकार असा आहे की स्वार वर बसलाय, घोड्याने पाय उचलून धरलाय आणि खाली एक पोरगा गुडघ्यावर बसून त्याच्या खुरात अडकलेला खडा काढतोय. नाण्यावर लोक युद्ध दाखवतात, देव दाखवतात, आणि इथे कुणीतरी खडा काढणं दाखवलं.

तारासचं माझं पहिलं नाणं मात्र नकली निघालं, ते सांगायलाच पाहिजे कारण नवीन लोकांचं घोडं इथेच पेंड खातं. एका विक्रेत्याकडून घेतलं, फोटोत सुंदर दिसत होतं, हातात आल्यावर वजन केलं तर ७.१ ग्रॅम. त्या काळातलं नाणं ७.८-७.९ च्या आसपास भरायला हवं. मी मनाची समजूत घातली की झिजलंय. पण झिजलेलं असतं तर आयाळीच्या रेघा आधी गेल्या असत्या आणि त्या तर होत्या, फक्त साबणाच्या वडीसारख्या मऊ, बोथट. तरी मी गप्प बसले कारण आवडलं होतं ना. पाच महिन्यांनी दुसऱ्याच एका लिलावाच्या फोटोंत मला तोच घोडा दिसला. तोच म्हणजे अगदी तोच, पोटाखाली टाचणीएवढा तोच खड्डा आणि कडेला, साधारण घड्याळात चार वाजतात तिथे, तीच चीर. एकाच साच्यातून निघालेल्या दोन खऱ्या नाण्यांवर चित्र सारखं असू शकतं, पण चकती हाताने ठेवून हातोड्याने ठोकलेली असते, त्यामुळे कडेची चीर, चित्र किती सरकलंय, खड्डे, हे दोन नाण्यांत कधीच सारखं येत नाही. सारखं आलं की समजायचं दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली आहेत. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. मी ते नाणं एका वेगळ्या डबीत टाकलं, वर नकली अशी चिठ्ठी लावली, म्हणजे माझ्यानंतर ते पुन्हा बाजारात जायला नको.

नकली नाण्यांचा धंदा जुना आहे म्हणा. कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा जर्मन माणूस होता, १७७२ ते १८३० या काळातला, तो ओतायचा नाही, स्वतः साचे कोरून प्राचीन नाणी पाडायचा आणि इतकी चांगली की मोठमोठे संग्राहक फसले. सांगतात की नवं नाणं जुनं दिसावं म्हणून तो नाणी वंगण आणि लोखंडाचा चुरा भरलेल्या पेटीत घालून ती पेटी घोडागाडीच्या आसाला बांधायचा आणि फिरून यायचा. मला त्या गाडीच्या घोड्यांचा विचार येतो.

चांदीत आणखी मोठमोठी नावं आहेत, ती पटकन सांगते. सिराक्यूसचा चार घोड्यांचा रथ, किमोन आणि युऐनेटोस यांनी सही करून काढलेला, दहा द्राख्मचं ते नाणं ४३ ग्रॅमचं असतं आणि चारही घोड्यांच्या मानांची लय वेगवेगळी ठेवलीय. ते फक्त म्युझियमच्या काचेतून बघायचं. कॉरिंथचा पंख असलेला पेगॅसस, त्या नाण्यांना ग्रीक लोक पोलोई म्हणजे शिंगरं म्हणायचे, हे कळल्यावर मला कॉरिंथ जवळचं वाटायला लागलं. आणि बॅक्ट्रियाच्या, म्हणजे साधारण आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या, युक्रेटिडीस या ग्रीक राजाचं पॅरिसमध्ये असलेलं १६९ ग्रॅमचं सोन्याचं नाणं, त्यावर दोन जुळे देव भाले रोखून घोड्यांवरून निघालेत. हेच जुळे देव रोमच्या चांदीच्या डेनारियसवर इ.स.पू. २११ च्या सुमारापासून दौडत होते. घोड्यावरचे जुळे देव म्हटल्यावर आपल्याला अश्विनीकुमारच आठवणार, आणि ते आठवणं चूक नाही, भाषा आणि दैवतं अभ्यासणारे लोकही हे नातं मांडतात.

रोमन डेनारियसमध्ये माझं आवडतं म्हणजे पिसो फ्रुगी नावाच्या टाकसाळीच्या अधिकाऱ्याचं, इ.स.पू. ९० चं. इटलीतल्या दोस्त शहरांनी बंड केलं होतं, सैन्याला पैसे द्यायचे होते, म्हणून हे नाणं प्रचंड संख्येने पाडलं. एका बाजूला अपोलो देव, दुसऱ्या बाजूला भरधाव घोडेस्वार, हातात बहुतेक वेळा खजुराची फांदी. साचे इतके लागले की शेकड्यांनी आहेत, प्रत्येकावर वेगळी खुणेची अक्षरं, आकडे, छोटी चित्रं. त्यामुळे एकाच वर्षाचे, एकाच माणसाच्या नावाचे घोडे, पण एकाची शेपूट सरळ मागे, एकाची वर उडालेली, एक गाढवासारखा कान टाकून. दौड दाखवायची पद्धत मात्र सगळ्यांची एकच, मागचे दोन पाय जमिनीला आणि पुढचे दोन हवेत. घोडा खरा कसा धावतो हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही, १८७८ मध्ये म्युब्रिज नावाच्या फोटोग्राफरने एकामागे एक फोटो काढले तेव्हा कुठे कळलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. तरीसुद्धा पिसोच्या चांगल्या साच्यावरचा घोडा धावतो, फोटोपेक्षा जास्त धावतो असं मी म्हणेन.

आता एक वादाचा मुद्दा. मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने, म्हणजे सिकंदराच्या बापाने, आपल्या नाण्यांवर शर्यतीचा घोडा आणि रथ आणले, इ.स.पू. ३५६ मध्ये त्याचा घोडा ऑलिंपियात जिंकला होता आणि सिकंदराच्या जन्माची बातमी त्याच सुमाराला आली असं प्लुटार्क सांगतो. ही नाणी पगार म्हणून, व्यापारात, उत्तरेकडे युरोपातल्या केल्ट टोळ्यांपर्यंत गेली आणि त्यांनी नक्कल सुरू केली. नकलेची नक्कल, तिची नक्कल, असं होत होत दोनशे वर्षांनी तो घोडा म्हणजे काही चंद्रकोरी, काही गोळे आणि तीन फाट्यांची शेपूट एवढाच राहिला. बरेच जण याला ऱ्हास म्हणतात, जमेना म्हणून असं झालं म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांना जमत नाही त्यांची रेघ थरथरते. केल्ट साच्यांवरची रेघ ठाम आहे, मानेचा एकच बाक, सांध्याच्या जागी गोल थेंब, आणि पाय सुटे असले तरी घोडा सुटत नाही. माझ्याकडे एक छोटं चांदीचं आहे, त्यात घोड्याचं तोंड चकतीच्या बाहेर गेलंय आणि तरी बघणारा प्रत्येक माणूस विचार न करता घोडा म्हणतो.

कार्थेजबद्दल लिहिताना मला थोडं वाईट वाटतं. कार्थेज म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं, आजच्या ट्युनिशियातलं जुनं शहर, आणि तिथला घोडा हा शहराचाच घोडा, पाया खणताना आधी बैलाचं डोकं सापडलं, ते अशुभ मानून जागा बदलली, मग घोड्याचं डोकं सापडलं अशी दंतकथा आहे. नाण्याच्या एका बाजूला तानित देवी, दुसऱ्या बाजूला घोडा, कधी त्याच्यामागे ताडासारखं खजुराचं झाड, कधी मान मागे वळवलेली. माझं ब्राँझ होतं, गडद हिरवं, गुळगुळीत, घोडा मागे वळून बघतोय असं. मी ते मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं आणि सात-आठ महिने उघडलं नाही. हवा दमट होती. उघडलं तेव्हा घोड्याच्या पुठ्ठ्यावर फिकट हिरवी पावडर आली होती, बोटाला लागणारी. याला ब्राँझ डिसीज म्हणतात, धातूत अडकलेलं क्लोराइड ओलावा मिळाला की तांबं खात सुटतं. मी पावडर लाकडी काडीने काढली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कित्येक आठवडे पाणी बदलत ठेवलं, पूर्ण वाळवलं. थांबलं ते, पण पुठ्ठ्याच्या जागी आता खड्डा आहे. घोडा अजून मागे वळून बघतो, त्या खड्ड्याकडेच बघतोय असं वाटतं. तेव्हापासून सगळी ब्राँझ नाणी हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक नाणं बाहेर. पीव्हीसीची, म्हणजे तसल्या मऊ प्लास्टिकची, पाकिटं तर घरात ठेवूच नका.

गुप्तांचा अश्वमेध घोडा माझ्याकडे नाही आणि येणारही नाही, पण त्याच्याशिवाय ही यादी मला अपुरी वाटेल. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर घोडा यूपासमोर, म्हणजे यज्ञाच्या खांबासमोर, उभा आहे, वर पताका फडकतायत, पाठीवर खोगीर नाही, पायांच्या मध्ये ब्राह्मीतलं एक अक्षर. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला राणी चवरी घेऊन उभी आणि शब्द आहेत अश्वमेधपराक्रमः. नाण्यांवरचे बहुतेक घोडे धावतात, लढतात, जिंकतात, आणि हा शांत उभा असतो. तो वर्षभर मोकळा फिरून आलाय आणि पुढे काय होणार हे बघणाऱ्याला माहीत आहे. त्याची मान किंचित खाली आहे. मी फोटो मोठा करून खूप वेळ बघत बसते.

नवीन कुणी सुरुवात करणार असेल तर माझं सांगणं एवढंच की कंडिशनच्या मागे फार लागू नका. ग्रेड चांगली पण घोडा मेलेला, अशी खूप नाणी असतात. कागदपत्रं मात्र जरूर बघा, नाणं आधी कुणाकडे होतं, कुठल्या जुन्या लिलावात आलं होतं. जुन्या वस्तूंचा चोरटा व्यापार रोखण्यासाठीच्या १९७० च्या युनेस्को करारानंतर बऱ्याच देशांनी नियम कडक केलेत, आणि नियम बाजूला ठेवले तरी जमिनीतून चोरून उपसलेलं नाणं म्हणजे कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं ही माहिती कायमची गेली. घोडा कितीही सुंदर असला तरी असं नाणं मी घेत नाही, दोनदा सोडलंय आणि त्यातलं एक अजून आठवतं.

गेल्या महिन्यात लारिसाचं एक नवीन आलं. झिजलेलं आहे, अप्सरेचं नाक सपाट झालंय, ठोकताना चकती सरकली म्हणून घोड्याचे कान आणि कपाळ नाण्यात आलेच नाहीत, शहराच्या नावातली दोनच अक्षरं वाचता येतात. त्यामुळे कुणी बोली लावली नाही आणि ते मला मिळालं. पण पुढचा उजवा पाय पूर्ण आहे. गुडघा सैल सोडलाय, खूर मागे वळलाय आणि खालच्या रेषेला अजून टेकलेला नाही.